नाकाची नोकरी

गॅसच्या सुरक्षेचं पत्रक तुम्ही वाचलेलंच आहे. वास आला की बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, १९०६ला फोन करा. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त ते पत्रक ज्या घरात पोचतं, त्या घराविषयी त्यात काही लिहिलेलं नसतं. मी अकरा वर्षं एका मोठ्या शहरात नैसर्गिक वायूच्या घरगुती लाइन टाकणाऱ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. (शहराचं नाव विचारू नका, एक बिल अजून निघायचं आहे.) मग यवतमाळला परतलो आणि सिलिंडरच्या तपासणीला लागलो. या दोन नोकऱ्यांत पाहिलेल्या, पण पत्रकात न मावणाऱ्या या गोष्टी.

सुरुवात काट्यापासून. घरातली लाइन जोडून झाली की गॅस सोडण्याआधी तिच्यात हवा भरतात, गेज लावतात आणि काटा पाहत बसतात. काटा उतरला, तर कुठंतरी आटे नीट बसलेले नाहीत. आमच्याकडे दोन मिस्त्री होते. एक सुतळी-सफेद्याच्या जमान्यातला म्हातारा, दुसरा टेफ्लॉन टेपवाला तरुण. दोघांचं एकमेकांशी बोलणं माझ्यामार्फत चालायचं. म्हाताऱ्याची दहातली एखादी लाइन नापास व्हायची, तरुणाची महिनाभरात एकही नाही. ठेकेदारानं तरुणाला पाचशे रुपये बक्षीस जाहीर केलं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं काही न बोलता तरुणाचा गेज लाइनवरून काढून सगळ्यांसमोर धरला. काटा जिथं होता तिथंच. बिचारा कधीचाच अडकून बसला होता. नापास व्हायलाही जीव लागतो! मग त्या महिन्यातली सगळी घरं आम्ही पुन्हा तपासली. गळती एकाच घरात निघाली, आणि ती लाइन तरुण रजेवर असताना म्हाताऱ्यानं जोडून दिलेली होती.

आता फोटोची गोष्ट. दिग्रसकडचं एक कुटुंब त्या शहरात स्थायिक झालेलं. स्वयंपाकघरात नवं फर्निचर केलं, तेव्हा भिंतीवरून नेलेली तांब्याची नळी सुतारानं फळीमागं झाकून टाकली. उघडी नळी कुणालाच आवडत नाही, आणि आम्ही सांगून गेलेलं सुतार आल्यावर कुणाला आठवत नाही. फळीवर शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो लागला. दोन वर्षं सगळं सुरळीत. दिवाळीच्या साफसफाईला फोटो उतरवला, स्क्रू काढला आणि घरभर वास सुटला. त्या स्क्रूनं नळीला भोक पाडलं होतं आणि त्या भोकाला बूचही तोच होता. आजी हात जोडून म्हणाल्या, "महाराजांनीच दोन वर्सं धरून ठेवलं होतं ना बाप्पा!" अहवालात मी 'स्क्रू' असं लिहिलं. पण खरं सांगतो, आजींच्या म्हणण्यात तांत्रिक चूक मला काढता आली नाही.

रस्त्याखालून जाते ती लाइन पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाइपची. तिला गंज चढत नाही, तिचा वैरी जेसीबी. पाइप फुटला की दोन्ही बाजूंनी खड्डे घेऊन त्याला शिकंज्यात चिमटायचं. बागेतली नळी मुडपावी तसा प्रवाह थांबतो, मग तुकडा बदलायचा. आमचं आणि पाणीवाल्यांचं वैर जुनं होतं. ते आमचा पाइप फोडायचे, आम्ही त्यांचा. वर दोन्हीकडून कडक भाषेत पत्रं. सोय म्हणून आम्ही निषेधाचं पत्र टाइप करूनच ठेवलं होतं, तारखेची जागा तेवढी मोकळी. एका रात्री फोन आला, चौकात फुस्स आवाज येतोय. शिकंजा घेऊन पळालो. साहेबांनी गाडीतच पत्रावर तारीख घातली, सही केली. चौकात पोचलो तर जेसीबी उभा होता आणि त्यावर आमच्याच ठेकेदाराचं नाव होतं. खड्डा नव्या कनेक्शनसाठी चालला होता. पत्र अजून माझ्याकडे आहे. कुणाला पाठवावं, ते ठरलेलं नाही.

आता त्या वासाविषयी. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो आपण लावलेला असतो. सडक्या कोबी-कांद्यासारखा वास येतो तो मरकॅप्टनचा. त्याची सक्ती होण्यामागं १८ मार्च १९३७चा दिवस आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा गॅसच्या स्फोटात उडाली आणि जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलंच. गाव तेलामुळं श्रीमंत होतं. तरी शाळेनं बिल वाचवायला तेलकंपनीच्या लाइनमधून वाया जाणारा फुकटचा गॅस जोडून घेतला होता. तो गळत राहिला आणि वास नसल्यानं कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून गॅसची राखण माणसाच्या नाकावर सोपवलेली आहे. पण २०२१ साली नाकंच संपावर गेली. एका फ्लॅटमध्ये चौघं जण करोनातून उठलेले, वास कुणालाच नाही आणि शेगडीचा कॉक अर्धवट उघडा. तक्रार आली ती वरच्या मजल्यावरच्या, सोसायटीत भांडकुदळ म्हणून नावाजलेल्या काकूंची. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वरच जाणार. काकूंची ती त्या वर्षातली सत्ताविसावी तक्रार होती. आधीच्या सव्वीस खोट्या होत्या, हे सोसायटीनं त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं.

मग यवतमाळ. मुंबईहून नागपूरकडे येणारी गेल कंपनीची गॅसची पाइपलाइन समृद्धी महामार्गाच्या कडेनं आहे, आणि समृद्धी आमच्या जिल्ह्याला न शिवता उत्तरेकडून निघून जाते. तरी पाइपच्या गॅसची चर्चा आमच्याकडे रंगतेच. एका चहाच्या टपरीवर मी अनुभवी माणूस म्हणून बोलत होतो. मार्च २०२३मध्ये यवतमाळ शहरात पाण्याचा पाइप रस्ता फोडून वर आला आणि स्कूटीवरची एक बाई जखमी झाली, तो व्हिडिओ देशभर फिरलेला. त्यामुळं 'पाइप' म्हटलं की यवतमाळकर आधी दोन पावलं मागं सरकतो. मी समजावलं, "घरात येणाऱ्या गॅसचा दाब फक्त एकवीस मिलिबार असतो. म्हणजे वीतभर पाण्याच्या उंचीएवढा." मागच्या बाकावरून शांतपणे आवाज आला, "भाऊ, वीतभर पाणी? आमच्या नळाले तं तेवढंही येत नाही."

एक निवृत्त गुरुजी मुलाच्या घरची शेगडी यवतमाळला घेऊन आले. चांगली वस्तू टाकायची कशाला? सिलिंडरला जोडली तर हातभर पिवळ्या ज्वाळा आणि भांडी काळीठिक्कर. गुरुजींनी एजन्सीवर भेसळीचा आरोप केला. दोन सिलिंडर बदलून झाले. तिसऱ्या तक्रारीला मला पाठवलं. मी शेगडी उलटी केली. नैसर्गिक वायूला नोझलचं भोक मोठं लागतं, सिलिंडरच्या गॅसला लहान. मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला तर तो भडकणारच. पण ही नोझल बदललेलीही नव्हती, जुनीच ड्रिल मारून मोठी केलेली होती आणि भोक एका बाजूला कलतं होतं. तो कल मी ओळखला. गुरुजींचा मुलगा राहतो ते शहर माझ्या जुन्या नोकरीचंच, आणि ड्रिल मारणारा हात त्या टेफ्लॉन टेपवाल्याचा. गुरुजींनी विचारलं, "कोण्या गाढवानं केलं हे?" मी म्हणालो, "शहरातली माणसं, गुरुजी."

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. घाटंजीकडच्या एका खेड्यात तिची शेगडी मी पाहिली. कोनाड्यात मांडलेली, हळदकुंकू लावलेली, वर विणलेला रुमाल. सिलिंडर भरलेला, त्याचं सीलही फोडलेलं नव्हतं. मी तपासणीचा फॉर्म भरला. गळती नाही. नळी नवी. शेगडी स्वच्छ. सिलिंडर उभा. त्या फेरीत पैकीच्या पैकी गुण मिळालेलं हे एकमेव घर. मी आजीला विचारलं, "वापरत काऊन नाही?" पऱ्हाट्या मोडून चुलीत सारत, डोळे पुसत आजी म्हणाली, "हा सरला तं भरन कोन?" धुराचा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता.

शेवटचा किस्सा माझ्याच घरचा. संध्याकाळी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. बायको म्हणाली, "वास येतोय." मी म्हणालो, "माझ्या पिशवीचा असेल." ते खरंही वाटेल असंच होतं. अकरा वर्षं माझ्या कपड्यांना, हातांना तोच वास. जमिनीवर बसून गृहपाठ करणारी मुलगी म्हणाली, "बाबा, इथं खाली जास्त येतोय." सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पसरतो. हे वाक्य मी किमान हजार घरांत म्हटलेलं आहे. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. माझ्या हातातला पेपर हलला तो बायकोनं रेग्युलेटर बंद करून, दार सताड उघडून, अंगणात जाऊन १९०६ला फोन केल्यावर. आला तो मीच शिकवलेला पोरगा. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा दाखवला, व्हॉल्व्हमधला वायसर बदलला. मान खाली घालून फॉर्म भरला आणि सहीसाठी माझ्यापुढं धरला. शेऱ्यात लिहिलं होतं : 'तक्रार योग्य. घरमालकास वास येत नाही.'

मी सही केली.