उषा एक की अनेक?

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले 92वे सूक्त उघडले की पहिल्याच मंत्रात उषा बहुवचनी भेटते. आकाशाच्या पूर्वार्धात प्रकाशाचा ध्वज उभारणाऱ्या त्या अनेक उषा. चार-पाच मंत्र पुढे जावे, तर ती एकटीच असते. हे गोतम ऋषीचे सूक्त. एकाच पहाटेला ऋषी कधी ‘ती’ म्हणतो, कधी ‘त्या’. असे का?

‘उषस्’ हा शब्द ‘वस्’, म्हणजे उजळणे, या धातूचा. ग्रीक ‘एऑस’, लॅटिन ‘ऑरोरा’ आणि लिथुआनियन ‘आउश्रा’ ही त्याचीच भावंडे. ऋग्वेदात सुमारे 20 सूक्ते उषेची आहेत. एवढा मान दुसऱ्या कोणत्याही देवीला नाही. यास्काने निरुक्तात तिला रात्रीचा शेवटचा प्रहर मानले आणि बहुवचन आदरार्थी असावे, असे सुचवले.

लोकमान्य टिळकांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. 1903 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये त्यांनी वैदिक उषांना एक अख्खे प्रकरण दिले. उषेचे पहिले किरण आणि सूर्योदय यांच्यामध्ये अनेक दिवस गेले, असा अर्थ त्यांनी सातव्या मंडलातल्या एका मंत्रातून काढला. तैत्तिरीय संहितेत 30 उषा परस्परांच्या बहिणी म्हणून येतात. दोन्ही आधार जोडून टिळकांनी ध्रुवप्रदेशातली महिनाभराची अखंड पहाट उभी केली. त्यांचा निष्कर्ष विद्वानांमध्ये मान्य झाला नाही. पण व्याकरणातल्या एका बहुवचनाला त्यांनी दिलेले महत्त्व मला अजूनही मोलाचे वाटते.

मला स्वतःला उत्तर कुत्साच्या सूक्तात (1.113) सापडते. तिथे गेलेल्या उषांमागून आजची येते आणि येणाऱ्या उषांच्या रांगेत ती पहिली ठरते. आधीच्या उषा पाहिलेली माणसे गेली, आजची आपण पाहतो आहोत, उद्याच्या पाहणारे यायचे आहेत. गोतमही सांगतो, की पुन्हा पुन्हा जन्मणारी ही देवी मर्त्यांचे आयुष्य झिजवत जाते. देवी एकच, तिचे येणे अनेक वेळा; आणि त्या प्रत्येक येण्यात आपले वय मोजले जाते. म्हणून एकवचन आणि बहुवचन दोन्ही खरी.

मराठीने या शब्दाची उजेडाची बाजू अधिक जपली. हरि नारायण आपट्यांनी शिवकालावरच्या कादंबरीला ‘उषःकाल’ हे नाव दिले आणि हा शब्द स्वराज्याच्या आरंभाशी जोडला गेला. ‘सिंहासन’ (1979) या चित्रपटातल्या सुरेश भटांच्या गीतात तोच शब्द फसलेल्या आशेसाठी आला. दोन्हीकडे पहाट म्हणजे आशाच. एकीकडे उगवलेली, दुसरीकडे हुकलेली. वैदिक कवींनी मात्र याच शब्दात आशेबरोबर ओसरणारे आयुष्यही ठेवले होते. ती दुसरी बाजू आपल्या कवितेत परत यायला हवी. रोजची पहाट आयुष्यातून एक दिवस घेऊन जाते हे ठाऊक असूनही ज्यांनी तिचे स्वागत केले, त्यांची आशा भाबडी नव्हती.