पाच ताऱ्यांचा हिशेब

कथा-कवितांचे एक संकेतस्थळ आहे असे समजा. पहिल्याच पानावर ‘सर्वोत्तम’ नावाची यादी आहे आणि तिच्या माथ्यावर एक चारोळी विराजमान झाली आहे. रेटिंग पैकीच्या पैकी, ५.०. मते देणारे तिघे, त्यांतल्या दोघांचे आडनाव कवीचेच. त्याच यादीत बरीच खाली एक दीर्घकथा आहे. तिला २०० वाचकांनी मते दिली आणि सरासरी पडली ४.६. आता यात लबाडी कोणी केली? कोणीच नाही. बायकोने नवऱ्याच्या कवितेला पाच तारे दिले तर तो गुन्हा नव्हे, संसार आहे. चुकला तो भागाकार करणारा. बेरीज करून मतांच्या संख्येने भागले की सरासरी निघते हे त्याला ठाऊक होते. तीन मतांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हे त्याने स्वतःला विचारलेच नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी हा आकडा कोणासाठी आहे ते ठरवायला हवे. वाचकाचा प्रश्न साधा असतो: रात्री अर्धा तास मोकळा आहे, काय वाचू? लेखकाचा निराळा: कथा कुठे घसरली? आणि स्थळ चालवणाऱ्याचा तिसराच, तो सहसा मोठ्याने विचारला जात नाही: ही माणसे उद्या परत येतील ना? तिघांचेही ओझे ताऱ्यांच्या एकाच ओळीवर टाकले की ती वाकणारच. बेंगळुरूहून २०१४ पासून चालणाऱ्या आणि मराठीतही भरपूर वाचल्या जाणाऱ्या ‘प्रतिलिपी’वर पाच तारे आणि लेखी अभिप्राय अशी जोडी आहे, बहुतेक ठिकाणी हाच साचा दिसतो. मुळात हा साचा दुकानदारीतला. मिक्सर चालतो किंवा चालत नाही. कथा एकाला रडवते, दुसऱ्याला झोपवते, आणि दोघेही खरे बोलत असतात.

आता चारोळीकडे वळू. यावरचा तोडगा जुना आणि सोपा आहे. मी त्याला ‘उसनी मते’ म्हणतो. प्रत्येक नव्या लेखनाच्या खात्यावर सुरुवातीलाच, समजा, २० मते उसनी टाकायची, आणि प्रत्येक मत स्थळाच्या एकूण सरासरीइतके धरायचे. ती सरासरी ४.२ असेल तर चारोळीचा हिशेब असा: तीन खऱ्या मतांचे १५ आणि उसन्या मतांचे ८४, मिळून ९९, भागिले २३, म्हणजे ४.३०. दीर्घकथेचे ९२० अधिक ८४ म्हणजे १००४, भागिले २२०, म्हणजे ४.५६. यादी आपोआप सुलटी झाली आणि कोणाचेही मत रद्द करावे लागले नाही. खरी मते वाढत जातात तशी उसनी मते त्यांत विरघळून जातात. आयएमडीबीची सर्वोत्तम २५० चित्रपटांची यादी याच रीतीने लागते. तिथे उसन्या मतांचा आकडा २५,००० आहे. लहान स्थळाने तो वीस-तीसच ठेवावा, नाहीतर सगळ्याच कथा ४.२ वर गोठून बसतील.

याच रीतीचा आणखी एक फायदा आहे. नव्या कथेला चौघांनी पाच-पाच दिले आहेत आणि पाचव्याने रागाच्या भरात एक दिला. साधी सरासरी ५.० वरून थेट ४.२ वर आपटते. उसन्या मतांसह ती ४.३३ वरून ४.२० वर येते. एका माणसाच्या हातातली काठी आखूड झाली. मात्र ही एकूण सरासरी प्रकारवार काढावी. चारोळी वाचायला दहा सेकंद लागतात आणि पाच तारे द्यायला एक. दीर्घकथेचा वाचक पाऊण तास खर्च करून कंजूष झालेला असतो. दोघांना एकाच तराजूत घालू नये.

तारे नकोतच, नुसते ‘आवडले / नाही आवडले’ पुरे, असेही एक मत आहे. त्याला आधारही आहे. लोक बहुतांशी पाचच तारे देतात हे यूट्यूबने २००९ मध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तारे काढून अंगठे आणले. नेटफ्लिक्सने तेच २०१७ मध्ये केले. दोनच पर्याय असले की भरवशाचे गणितही नेटके होते. एडविन विल्सन या अमेरिकी गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेले सूत्र आजही कामाला येते. मिळालेल्या मतांवरून खरी पसंती कमीत कमी किती असावी, याचा ते सावध अंदाज देते. तिघांपैकी तिघांना आवडले, तर सूत्र म्हणते, मी ४४ टक्क्यांपर्यंतच हमी देतो. २०० पैकी १८० जणांना आवडले, तर हमी ८५ टक्क्यांची. रेडिट या चर्चास्थळाने २००९ मध्ये प्रतिसादांचा क्रम लावायला हेच सूत्र घेतले. माझा कल कथांसाठी तीन पायऱ्यांकडे आहे: ‘नाही भिडली’, ‘वाचनीय’, ‘इतरांना आवर्जून सांगेन’. प्रत्येक पायरीला शब्द दिला की ती काय म्हणते ते सगळ्यांना एकच कळते. तीन तारे म्हणजे ‘ठीक’ की ‘वाईट’, यावर दोन मराठी माणसांचे एकमत होणे अवघड.

तारेच ठेवायचे असतील तर देणाऱ्याचा हातही मोजावा. एक वाचक सगळ्यांना सरासरी ४.८ देतो, त्याने ४ दिले म्हणजे तो नाराज आहे. दुसऱ्याची सरासरी २.९, त्याचे ४ म्हणजे शाबासकी. प्रत्येकाच्या मतातून त्याची स्वतःची सरासरी वजा करा: पहिल्याचे उणे ०.८, दुसऱ्याचे अधिक १.१. एमएचटी-सीईटीच्या वेगवेगळ्या सत्रांतले पेपर कमी-जास्त अवघड निघतात म्हणून पर्सेंटाइल काढतात, त्यामागेही हाच विचार आहे. अट एवढीच की त्या वाचकाने आधी दहा-पंधरा ठिकाणी तरी मत दिलेले असावे.

इथवरचे काम कॅल्क्युलेटरचे झाले. खरी गोम आहे ती मत कधी मागितले आणि त्या वेळी वाचकाच्या डोळ्यांसमोर काय होते, यात.

कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी आणि ऐकणारे १४,३४१. काहींना गाण्यांची नुसती यादी दाखवली. बाकीच्यांची आठ वेगळ्या ‘जगां’त वाटणी केली. प्रत्येक जगात, आपल्या जगातल्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले तो आकडा दिसत होता; शेजारच्या जगाचा पत्ता नव्हता. आठही जगांची सुरुवात शून्यापासून, गाणी तीच. तरी प्रत्येक जगात निराळी गाणी गाजली. फार चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही आणि फार वाईट सहसा वर आले नाही. मधल्या मोठ्या घोळक्याचे मात्र काहीही होऊ शकत होते. आता विचार करा, आपल्या बहुतेक कथा कुठे असतात? मधल्या घोळक्यातच.

दुसरा प्रयोग २०१३ चा, लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा. बातम्यांच्या एका स्थळावरच्या १,०१,२८१ प्रतिसादांपैकी काहींना, ते उमटताक्षणी, संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे एकेक अनुकूल मत देऊन ठेवले. पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी अशा प्रतिसादांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगलेले निघाले. खोटे प्रतिकूल मत टाकले तर लोक ते सुधारून घेत. खोट्या कौतुकाची दुरुस्ती करायला कोणी येत नव्हते.

म्हणून दोन नियम, आणि माझ्या मते साऱ्या रचनेत हेच सर्वांत मोलाचे. पहिला: वाचकाने स्वतःचे मत देईपर्यंत त्याला कथेचे रेटिंग दिसू नये आणि पहिली दहा मते जमेपर्यंत कोणालाच दिसू नये, त्या जागी ‘अजून पुरेसे वाचक नाहीत’ एवढेच लिहावे. दुसरा: प्रत्येक नव्या कथेला काही हक्काचे वाचक मिळावेत. मुखपृष्ठावरची दोन-तीन ठिकाणे क्रमवारीतून मोकळी ठेवायची आणि तिथे नवे लेखन आळीपाळीने दाखवायचे, प्रत्येक कथा निदान पन्नास वाचकांपुढे जाईपर्यंत. एकांकिका स्पर्धेत कोणाचा प्रयोग कधी, हे लॉट्स काढून ठरते. सकाळी नऊच्या रिकाम्या नाट्यगृहात कोणालातरी उभे राहावे लागते, पण ते नशिबाने, ओळखीने नव्हे. उसन्या मतांमुळे नवा लेखक वर येणारच नाही, ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर गणितात शोधू नये. त्याला वाचक मिळवून द्यावेत.

मत कोणाला देता यावे? कथा शेवटपर्यंत उघडणाऱ्याला, हे उघड वाटते. पुस्तकांना तारे देण्याच्या गुडरीड्स या स्थळावर जून २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या ‘द स्नो फॉरेस्ट’ या कादंबरीवर शेकडो एक-तारी मते पडली. कारण कादंबरी रशियात घडते आणि युक्रेनवर युद्ध चालू होते. पुस्तक छापूनही आले नव्हते. लेखिकेने प्रकाशन बेमुदत पुढे ढकलले. जे अजून वाचायलाच मिळत नाही त्याला तारे देण्याची सोय ज्याने ठेवली, त्याने ही वेळ ओढवून आणली. पण शेवटपर्यंत जाणाऱ्यांचीच मते मोजली तर दुसरा घोटाळा होतो. क्रमशः कादंबरीच्या चाळिसाव्या भागाला नेहमी ४.९ का मिळतात? ज्यांना ती आवडली नाही ते सहाव्या भागातच उतरून गेलेले असतात. उरलेली वारी भक्तांची. यावर उपाय म्हणजे कोणत्या भागात किती वाचक गळले तो आकडा लेखकाला, आणि फक्त लेखकाला, दाखवणे. ताऱ्यांपेक्षा त्याच्या उपयोगाचा तोच.

आता साटेलोटे. उंटाच्या लग्नात गाढवाने गायचे आणि दोघांनी एकमेकांचे रूप नि आवाज वाखाणायचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘मी तुला पाच देतो, तू मला दे’ म्हणणाऱ्यांना हुडकून बडतर्फ करण्याच्या भानगडीत पडू नये. दोन लेखकांची मते एकमेकांना सारखी जात असतील, तर क्रमवारीच्या हिशेबात त्यांचे वजन निम्मे करावे. स्तुती पानावर तशीच राहू द्यावी. अनुयायांचेही असेच. पाच हजार अनुयायी असलेल्या लेखकाला तासाभरात दोनशे मते पडतात. ‘नेहमीच्या वाचकांचे मत’ आणि ‘पहिल्यांदा वाचणाऱ्यांचे मत’ असे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले की न बोलता उलगडा होतो. नव्या खात्यांचे वजन पहिले काही दिवस शून्य ठेवावे. हे फारसे सांगण्यासारखे नाही, पण हे केले नाही तर बाकीचे सगळे वाया जाते.

लेखी अभिप्रायाकडे आलो की कामाचा पोत बदलतो. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या २००९ पासूनच्या चाहत्यांच्या कथासंग्रहाने तारे ठेवलेच नाहीत. एका वाचकाने एका कथेला एकदाच द्यायची शाबासकी आणि प्रतिसाद, बस. इंग्रजी लेखकांच्या स्क्रिबोफाइलवर इतरांच्या लेखनाची चिकित्सा करून ‘कर्मा’ गुण कमवावे लागतात, तेव्हा स्वतःचे लिखाण मांडता येते. ही देवघेव न्याय्य आहे, पण सक्तीने लिहून घेतलेला अभिप्राय लांबतो आणि पातळ होतो. आपल्याकडे ‘ऐसी अक्षरे’ या मराठी संस्थळाने प्रतिसादांना मार्मिक, माहितीपूर्ण, खवचट, निरर्थक अशा श्रेणी देण्याची सोय केली. स्लॅशडॉट या अमेरिकी स्थळावर नव्वदच्या दशकापासून चालत आलेल्या रीतीचा हा मराठमोळा अवतार. ‘खवचट’ या एका शब्दात जे आहे ते साडेतीन ताऱ्यांत बसत नाही. हीच रीत अभिप्रायांनाही लावावी: कोणता अभिप्राय उपयोगी पडला हे लेखक आणि इतर वाचक सांगतील आणि त्यानुसार अभिप्राय देणाऱ्याचे वजन वाढेल.

‘भाषा’ किंवा ‘शुद्धलेखन’ असा वेगळा रकाना मात्र कटाक्षाने टाळावा. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत लिहिलेल्या कथेला तिथे ज्यांचे गुण पडतील त्यांतल्या पुष्कळांना ती बोली समजलेलीच नसेल.

लेखकाला अभिप्राय पुसण्याचा अधिकार असू नये. एकदा उत्तर देण्याचा असावा. शिवीगाळ झाली तर तक्रार करावी, ती दोन माणसांनी पाहावी आणि कारण लिहून निकाल द्यावा. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याविषयी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे आणि वस्तू-सेवांसाठी आहे. तरी कथांचे स्थळ उभारणाऱ्याने ते एकदा वाचायला हरकत नाही.

क्रमवारी म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे स्पर्धावाल्यांना आपल्याआधी कळले. २०२२ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. पहिला आलेला करंडकाच्या योग्यतेचा असतोच असे नाही, अशी त्यांची भूमिका होती. वाद झाला, व्हायलाच हवा होता. पण आपल्या यंत्राला असे म्हणता येते का? दर आठवड्याला ‘सर्वोत्तम दहा’ छापणाऱ्या यंत्राला दहा सापडतातच. त्याला सहावर थांबता यायला हवे.

यादी छापण्याआधी एक चाचणी करावी. महिन्याभराची सगळी मते घ्या आणि वाचकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. प्रत्येक गटाच्या मतांवरून स्वतंत्र यादी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. वरच्या दोन कथा दोन्हीकडे त्याच असतील तर त्यांना पहिला-दुसरा क्रमांक खुशाल द्या. एका यादीत चौथी असलेली कथा दुसरीत सतरावी निघाली, तर तिच्या क्रमांकाला अर्थ नाही. अशा सगळ्या कथा ‘वाचकांना आवडलेल्या’ या मथळ्याखाली, क्रमांक न घालता, अकारविल्हे लावाव्यात.