पाठीला दोरखंडाचा पीळ

लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये ॲडमिरल्टीचं, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या मुख्यालयाचं, जुनं सभागृह आहे. भिंतींवर पेअरच्या लाकडात कोरलेली नौकानयनाची उपकरणं. शेकोटीच्या वर एक तबकडी, छतावरच्या वायुदर्शकाला जोडलेली. आरमार शिडांवर चालायचं, तेव्हा वारा कुठून येतोय हे बसल्या जागी कळायला हवंच. ६ नोव्हेंबर १८०५ ला रात्री एकच्या सुमारास सचिव विल्यम मार्सडेन याच खोलीतून झोपायला निघाले होते. तेवढ्यात फालमथहून घोडागाडी दौडवत आलेल्या लॅपनोटिएर या अधिकाऱ्याने त्यांना गाठलं. ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत ब्रिटिश आरमाराला विजय मिळाला होता, पण त्याचा सेनानी ॲडमिरल नेल्सन धारातीर्थी पडला होता.

आनंद आणि सुतक एकदमच आलं, आणि लंडनच्या सुतारांनी ते लाकडात उतरवलं. स्ट्रँडजवळच्या कॅथरिन स्ट्रीटवर मॉर्गन अँड सँडर्स यांचा फर्निचरचा कारखाना होता. त्यांनी त्याचं नावच ‘ट्रफाल्गर हाउस’ करून टाकलं. ‘ट्रफाल्गर खुर्ची’ घरोघरी गेली ती याच सुमाराला.

या खुर्चीची खूण तिच्या पाठीवर असते. पाठीची आडवी दांडी आधी गोल कातायची, तिच्यावर तिरप्या रेषा आखायच्या आणि मग गोल धारेच्या पटाशीने एकेक पेड मोकळा करायचा. हात कसलेला असेल तर पेडांची फुगवट सगळीकडे सारखी येते आणि ताणलेला जाड दोरखंडच समोर आहे असं वाटतं. कारागिराने दोरच का निवडला असेल? नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोर लागे. त्याच्याशिवाय एकही शीड उभं राहिलं नसतं. नांगर किंवा डॉल्फिन कोरणं जास्त दिमाखदार खरं, पण मला हा साधा पीळच अधिक खरा वाटतो.

उंची खुर्च्या महोगनीच्या. स्वस्तातल्या बीचच्या, काळ्या रंगावर सोनेरी रेघा ओढलेल्या. बैठक बहुधा वेताची, वर सुटी गादी. तलवारीसारखे बाकदार पाय मात्र ट्रफाल्गरचे नव्हेत. ते प्राचीन ग्रीक कलशांवरच्या चित्रांमधून आले आणि लढाईच्या आधीपासूनच लंडनमध्ये रुळले होते. त्यामुळे नुसते पाय बघून खुर्चीचं नातं नेल्सनशी जोडू नये.

खुद्द नेल्सनच्या जेवणाच्या खुर्चीमागे काही काळ त्याची शवपेटी उभी असे. नाईलच्या लढाईत जळालेल्या ‘लोरिआं’ या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीपासून ती घडवली होती. जानेवारी १८०६ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला तिच्यातच ठेवून दफन केलं.