ऐन श्रावणात अपग्रेड नको गं बाई!

श्रावणातला मंगळवार म्हणजे आमच्या महिला मंडळाची परीक्षाच असते. दुपारी एकीकडे मंगळागौर, संध्याकाळी दुसरीकडे. नऊवारी, नथी, सुपं, लाटणी असा सगळा जामानिमा. त्यात माझ्याकडे खातं गाण्यांचं. हौस म्हणून सुरू केलेलं रेकॉर्डिंग आता मंडळाचं हक्काचं काम झालंय. मागची छोटी खोली, भिंतींना जुन्या गोधड्या, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (म्हणजे माइकमधला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी डबी) आणि २०१९ साली घेतलेला कॉम्प्युटर. एवढाच आमचा ‘स्टुडिओ’!

गोष्ट २०२५ च्या श्रावणातली. सोमवारी रात्री ओटा आवरून कॉम्प्युटरसमोर बसले, तर पडद्यावर पुन्हा तीच सूचना. तुमच्या कॉम्प्युटरसाठी विंडोज ११ तयार आहे! महिनाभर मी ती बाजूला सारत होते. नेमका त्या दिवशी भाचा आला होता. म्हणाला, “मावशी, किती दिवस जुन्यावर काढणार? ऑक्टोबरात विंडोज १० ची मुदत संपतेय. तू झोप, मी करून टाकतो.” मलाही वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. सकाळी एकच तर फाइल काढायची होती.

ती एक फाइल होती काकूंच्या गाण्याची. आमच्या मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकू. २०२३ मध्ये त्यांचं गाणं मी याच खोलीत रेकॉर्ड केलं होतं. २०२४ च्या दिवाळीत काकू गेल्या. त्यांच्याच आवाजाने खेळ सुरू करायचे असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सोबतीला नवी ढोलकी जुळवून झाली होती, फक्त शेवटची फाइल काढायची बाकी होती.

सकाळी बघते तर पडदा नवा, चकचकीत. पण इंटरफेसची ओळखच कॉम्प्युटर विसरलेला! तानपुऱ्याचं प्लगइन परवाना पुन्हा मागत होतं आणि त्याचा पासवर्ड कुठे लिहिलाय ते मला आठवेना. गाण्याचा प्रोजेक्ट उघडला तर आवाजच येईना. मी मटकन खाली बसले. गाणं पुन्हा करता येतं हो, पण काकूंना कुठून आणायचं?

भाच्याचाही चेहरा उतरला. त्याने शोधून शोधून प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एक साधी वेव्ह फाइल उघडली आणि कॉम्प्युटरच्या साध्या स्पीकरवर काकूंचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टीसुद्धा! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. आवाज वेगळा आणि त्याची मांडणी वेगळी. आवाज साध्या फाइलमध्ये असतो. कुठला आवाज कधी सुरू करायचा, कुणाचा मोठा, कुणाचा लहान, हे सगळं प्रोजेक्टमध्ये असतं. अपग्रेडनंतर बहुतेक वेळा बिघडते ती ही मांडणी.

सुदैवाने विंडोज ११ वर गेल्यावर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून मागे जाता येतं, तेही आधीच्या फाइली साफ केल्या नसतील तरच. आम्ही मागे गेलो. संध्याकाळी साडेपाचला फाइल निघाली आणि सहाला कार्यक्रम सुरू झाला. घामाघूम झाले होते मी, पण काकू वेळेवर हजर होत्या!

मैत्रिणींनो, आज बऱ्याच जणी घरी बसून भजनं, कविता, मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करतात, शिकवणीची गाणी तयार करतात. म्हणून हे सांगावंसं वाटलं. बाकीच्या कामाला कॉम्प्युटर अर्धा क्षण अडखळला तर कळतही नाही. रेकॉर्डिंगचं तसं नसतं. इथे एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले जातात. त्यात खंड पडला की ‘तडतड’ ऐकू आलीच. इंटरफेस, त्याचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरशी त्याचं बोलणं करून देणारा प्रोग्रॅम), रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि प्लगइन, या साऱ्यांचं एकमेकांशी जमावं लागतं. घरात नवी सून आली की सगळ्यांना थोडं सरकून घ्यावं लागतं ना, तसंच!

हे फक्त विंडोजचं आहे असंही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलची मॅकओएस कॅटालिना आली, तेव्हा जुन्या ३२ बिटच्या प्रोग्रॅम्सनी त्यावर चालणंच बंद केलं. त्यात संगीतवाल्यांची कितीतरी जुनी प्लगइन होती.

मग अपग्रेड करायचंच नाही का? तसंही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी वेगळी नोंदणी करून जादा मुदत मिळाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार आणि ई-मेल चालतात, तो तसाच ठेवणं धोक्याचं. रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर वेगळा असेल, त्याला इंटरनेट जोडलेलंच नसेल आणि बाहेरचा पेन ड्राइव्ह जपून लावत असाल, तर तो जुन्यावरही काम देतो. पण आपल्यापैकी किती जणींकडे दोन कॉम्प्युटर असतात?

म्हणून मी मुहूर्त शोधला. गणपती झाले की पितृपक्ष. तेव्हा ना मंगळागौर, ना भोंडला, ना कुणाचं बारसं. सासूबाई म्हणाल्या, “पितृपंधरवड्यात नवीन काही करू नये गं.” म्हटलं, “नवीन नाही हो आई, साफसफाईच आहे!”

या वेळी मात्र घाई केली नाही. आधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालतो ना, ते पाहिलं. मग डायरीत यादी केली : इंटरफेसचं मॉडेल, सॉफ्टवेअर, एकेक प्लगइन, त्याचा परवाना आणि पासवर्ड. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर ‘विंडोज ११’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघितलं. इंटरफेसचा नवा ड्रायव्हर तिथे होताच. श्रावणात आम्ही बघितलाच नव्हता! एक जुनं प्लगइन मात्र कंपनीने बंदच केलं होतं. त्याचा आवाज आधीच वेव्ह फाइलमध्ये उतरवून घेतला.

सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणजे प्रत्येक गाण्यातला प्रत्येक आवाज वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढला. सगळ्या फाइली गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतील. एका आवाजाच्या मिनिटाला साधारण ८ एमबी जागा लागते. जास्त नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रती केल्या. एक माझ्या कपाटात, दुसरी बहिणीकडे.

मग अपग्रेड. नंतर माइक मुका वाटला तर घाबरू नका; आधी सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का बघा. मी सलग अर्धा तास रेकॉर्डिंग करून ऐकलं, जुना एक प्रोजेक्ट उघडून पाहिला आणि दहा दिवसांच्या आतच सगळी तपासणी उरकली. एरवी येणारे छोटे अपडेट कार्यक्रमाच्या आठवड्यात थांबवून ठेवते. विंडोजमध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. पण कार्यक्रम झाला की आठवणीने करते, उगाच टाळत नाही.

पडद्यावरची सूचना आपल्याला रोज घाई करते. तिला आपला श्रावण कुठे माहीत असतो? हातातलं काम पूर्ण होऊन घराबाहेर पडलं, प्रत सुरक्षित ठेवली आणि पुढच्या कामाला दोन आठवडे अवकाश आहे, तोच खरा मुहूर्त. तारीख आपण ठरवायची आणि ठरवली की पाळायची.

काकूंचं गाणं आता तीन ठिकाणी आहे. कुकरच्या शिट्टीसकट! भाचा म्हणाला, “मावशी, ती शिट्टी काढून टाकू?” म्हटलं, “राहू दे रे. घरचं गाणं आहे ते.”