शस्त्राविना देशसेवा

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. युद्धास साहाय्य करणे त्यांच्या अहिंसाधर्मास मान्य नव्हते. त्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला. ज्याचा धर्म त्याला शस्त्र धरू देत नाही, तो चांगला नागरिक होऊ शकतो काय?

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापुढे आला. जेम्स गिरुआर्ड हा मूळचा कॅनडाचा. त्याने अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. 'देशरक्षणासाठी शस्त्र धराल काय?' या प्रश्नास धर्मश्रद्धेमुळे त्याने 'नाही' असे उत्तर दिले. सैन्यात राहून शस्त्राविना सेवा करण्यास मात्र तो सिद्ध होता. अपील न्यायालयाने त्याला नागरिकत्व नाकारले; परंतु १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. रणांगणावर जखमींना उचलून नेणारे सेवक, परिचारिका व डॉक्टर हेही राष्ट्राची सेवाच करतात, असे न्यायालयाने म्हटले.

आज तेथील नागरिकत्व घेणाऱ्या मराठी माणसालाही, धर्मश्रद्धा आड येत असल्यास, शपथेतील शस्त्रासंबंधीचा भाग वगळता येतो.

भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील शपथेत शस्त्राचा उल्लेखच नाही. संविधानाशी निष्ठा राखणे, कायदे पाळणे व नागरिकाची कर्तव्ये पार पाडणे, एवढेच वचन त्यात द्यावयाचे असते.

शस्त्र न धरताही देशसेवा घडते. युद्धविरोधासाठी तुरुंगात गेलेल्या विनोबांना १९८३ मध्ये मरणोत्तर 'भारतरत्न' देऊन राष्ट्राने गौरविले.