'हिडन नेटवर्क': कुठलं सोडून द्यायचं, कुठलं पुसायचं

लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नेटवर्कची यादी उघडते. त्यात कधी कधी एक ओळ असते, 'हिडन नेटवर्क'. ना नाव, ना गाव. बडोद्याला माझ्या आत्याने ही ओळ पाहिली आणि घरातलं वाय-फायच बंद करून टाकलं. दोन दिवस मोबाइल डेटावर काढल्यावर मला फोन आला, "अरे, लॅपटॉपमध्ये कोणीतरी घुसलंय. ते आधी काढून दे."

घुसलेलं कोणी नव्हतं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा हाळी देत असतो: माझं नाव अमुक, चॅनेल अमुक, सुरक्षा अमुक प्रकारची. या हाळीला 'बीकन' म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये नाव लपवलं, की बीकनमधली नावाची जागा रिकामी राहते. बाकीचा मजकूर तसाच जातो. लॅपटॉपला ही निनावी हाळी ऐकू येते आणि तो तिला 'हिडन नेटवर्क' म्हणतो. ही ओळ पुसायला तुमच्याकडे काही बटण नाही, कारण नेटवर्क आहे दुसऱ्याच कुणाच्या तरी राउटरमध्ये. त्याच्याशी तुम्ही जोडले जात नाही तोवर त्याचा त्रासही नाही.

'दुसऱ्याच कुणाच्या' म्हटलं खरं, पण तो राउटर कधी कधी आपलाच निघतो. काही मेश राउटर आपापसांत बोलण्यासाठी असं निनावी नेटवर्क चालू ठेवतात. खात्री करायची तर घरातला राउटर, मेशचे सगळे डबे धरून, दोन मिनिटं बंद करा आणि यादी पुन्हा उघडा. ओळ गेली तर ती तुमचीच. राहिली तर फोनवर एखादं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घेऊन घरभर फिरा. सिग्नलचा आकडा उणे 40 च्या आसपास असेल तर राउटर अगदी जवळ आहे, उणे 85 असेल तर लांब. आत्याकडे आकडा जिन्याच्या बाजूला वाढत गेला. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन राउटर आला होता, इतकंच.

मात्र त्याच लॅपटॉपमध्ये खरोखर काढून टाकावं असं एक नेटवर्क सापडलं, आणि त्याची आत्याला कधीच भीती वाटली नव्हती. रावपुऱ्यातल्या जुन्या भाड्याच्या घरी इंटरनेट जोडून देणाऱ्याने "नाव लपवलं की सेफ" असं सांगून नेटवर्क हिडन करून दिलं होतं. नाव काय, तर आडनाव आणि घर नंबर. घर सोडून चार वर्षं झाली, लॅपटॉप ते नाव विसरला नव्हता.

निनावी नेटवर्क लॅपटॉपला नुसतं ऐकून ओळखता येत नाही. म्हणून तो स्वतःच विचारत राहतो, "अमुक, आहेस का?" हा प्रश्न कुलूपबंद नसतो, आसपासच्या कोणालाही फुकट मिळणाऱ्या साधनांनी ते नाव वाचता येतं. घरात लपवलेलं नाव असं स्टेशनवर आणि कॉफी शॉपमध्ये जाहीर होतं. 'विगल' नावाचं संकेतस्थळ 2001 पासून जगभरातल्या वाय-फाय नेटवर्कची नावं नकाशावर मांडतं. तुमचं वेगळंसं नाव कधीकाळी उघडं असताना तिथे नोंदलं गेलं असेल, तर नावावरून पत्त्यापर्यंत पोचता येतं. शिवाय कोणी त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं केलं आणि तुमच्या जुन्या नेटवर्कला पासवर्डच नसेल, तर लॅपटॉप आपणहून त्याला जाऊन मिळू शकतो. घरी म्हातारं माणूस एकटं असेल तर हे फारच नको.

पुसणं सोपं आहे. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय आणि मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. जुन्या नावासमोर 'फर्गेट' दाबा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये वाय-फाय, तिथे 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि मग यादीतून नाव काढा. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीने टाकलेलं नेटवर्क असं निघत नाही. तिथे आयटीवाल्यांनाच सांगावं लागतं.

तुमचं आजचं नेटवर्कच हिडन असेल तर क्रम सांभाळा. आधी राउटरवर नाव उघडं करा, मग लॅपटॉपवर जुनी नोंद 'फर्गेट' करा आणि यादीतून नव्याने जोडा. नोंद तशीच ठेवली तर लॅपटॉप नाव विचारतच राहील. नाव उघडं करायला मन धजत नाही, हे समजू शकतो. पण कुलपाचं काम डब्ल्यूपीए 2 किंवा 3 आणि लांबलचक पासवर्ड करतात. अ‍ॅपलही राउटरसाठीच्या आपल्या सूचनांमध्ये नेटवर्क हिडन ठेवू नका, असंच सांगतं.

फोनही तपासा. अँड्रॉइडमध्ये हाताने नेटवर्क जोडताना 'हिडन नेटवर्क' असा पर्याय असतो. त्याला 'येस' म्हटलं की आपला फोन लपतो, असं समजून अनेक जण ते निवडतात. प्रत्यक्षात त्यानंतर फोन ते नाव जागोजागी विचारायला लागतो, आणि तसा इशारा तिथेच बारीक अक्षरांत लिहिलेला असतो.