०३/०४/२०२४ म्हणजे नेमका कोणता दिवस?

०३/०४/२०२४ ही नोंद भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च अशी वाचली जाते. हा घोळ टाळण्यासाठी आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरवून दिला आहे. तारीख साठवताना हाच क्रम पाळावा आणि वाचकाला दाखवताना लोकेलचा, म्हणजे भाषा व प्रदेशानुसार ठरणाऱ्या लेखनसंकेतांच्या संचाचा, आधार घ्यावा. हे संकेत युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात नोंदलेले असून तेथे मराठीसाठी देवनागरी अंक गृहीत धरले आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी, ही बाब सहसा ध्यानात येत नाही. परिणामी जावास्क्रिप्टला मराठी लोकेल दिला, की तारीख ३/४/२०२४ अशी देवनागरीत उमटते, जी दिसायला देखणी असली, तरी तिच्यातील ‘२०२४’ हा मजकूर पुन्हा संख्येत बदलू गेल्यास ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, असे उत्तर मिळते. पायथन मात्र तेच अंक निमूटपणे स्वीकारते. मुळात दाखवण्यासाठी घडवलेली तारीख पुन्हा आज्ञावलीला वाचायला देणे ही रचनाच सदोष होय. इंग्रजी अंकच हवे असतील, तर लोकेलसोबत ‘लॅटिन’ ही अंकपद्धती स्पष्टपणे नमूद करावी.